अस्मानी, सुलतानी आणि श्रद्धा

संकटकाळातील ईश्वरश्रद्धेचा विचार धर्मचिंतनात दोन अंगांनी होत आला आहे. ईश्वर दयाळूही आहे आणि सर्वसमर्थही आहे, तर निरपराधांच्या वाट्याला दुःख का येते, हे त्याचे तात्त्विक अंग. आणि दुःखाचे कारण कळो वा न कळो, भक्ताने त्या काळात देवाशी कसे वागावे, हे आचाराचे अंग. पहिल्याची चर्चा ग्रंथांत विपुल आढळते. दुसऱ्याचे उत्तर मात्र पोथ्यांपेक्षा लोकांच्या वागण्यात सापडते, आणि ते पाहण्यासाठी मुळशी तालुक्यातील ताम्हिणी व तिच्या पूर्वेला पसरलेले मुळा नदीचे खोरे यांचा इतिहास विशेष उपयोगी पडतो.

सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर, कोकणात उतरणाऱ्या घाटाच्या तोंडाशी वसलेल्या ताम्हिणीत विंझाई देवीचे स्थान आहे. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजातील अनेक घराण्यांची ती कुलदेवता. कुलदेवता म्हणजे व्यक्तीने आपल्या आवडीने निवडलेले उपास्य नव्हे (त्याला इष्टदेवता म्हणतात), तर जन्माबरोबर वारशाने आलेले दैवत. घराणे पोटापाण्यासाठी कोठेही पांगले तरी लग्नकार्यानंतर त्या ठाण्यावर जाऊन ओटी भरणे आणि कुलाचार पाळणे हे त्याला चुकत नाही. अशा नात्यात देव आहे की नाही हा प्रश्न सहसा उद्भवतच नाही. प्रश्न असतो तो देण्याघेण्याचा. नवस बोलला जातो तो अटीसकट, आणि फेडला जातो तो काम झाल्यावर. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या गावांत कौल लावण्याची जी रीत आहे तीही याच जातीची: मूर्तीच्या किंवा तांदळ्याच्या, म्हणजे शेंदूर माखलेल्या अनघड शिळेच्या, दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या वा तांदळाचे दाणे चिकटवायचे, गुरवाने गाऱ्हाणे घालायचे, आणि उजवीकडचा दाणा आधी गळाला तर देवाने होकार दिला असे समजायचे, बराच वेळ काहीच गळले नाही तर देवाला पुन्हा बजावायचे, प्रसंगी चार शब्द सुनवायचे. सुशिक्षितांना हा व्यवहार बाळबोध, क्वचित सौदेबाजीचा वाटतो. तथापि त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, आणि ती पुष्कळ परिष्कृत धर्मविचारांतून निसटलेली दिसते: देवाला जाब विचारता येतो, आणि जाब विचारल्याने नाते तुटत नाही.

शास्त्रकारांनी पहिल्या प्रश्नाला दिलेले उत्तर निराळ्या वळणाचे आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावर येऊ शकणारे दोन आक्षेप विचारात घेतले आहेत: एक वैषम्य, म्हणजे काहींना सुखात व काहींना दुःखात ठेवणारा पक्षपात, आणि दुसरा नैर्घृण्य, म्हणजे निर्दयपणा. ईश्वर जीवांच्या कर्मानुसारच फळ देतो, सबब हे दोन्ही दोष त्याला लागत नाहीत, असा निर्वाळा तेथे मिळतो. शंकराचार्यांनी भाष्यात त्यासाठी पावसाचा दृष्टांत दिला आहे, की पाऊस सर्व पिकांना सारखाच पडतो आणि पीक भाताचे येते की जवाचे ते बीजावर ठरते. तर्क म्हणून ही मांडणी भक्कम आहे. परंतु तिच्यात देवाची निर्दोष सुटका होत असताना दुःख भोगणारा आपोआप आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो, आणि ज्याचे पोर गेले त्याला त्याच्याच अंगणात उभे राहून प्रारब्ध ऐकवणाऱ्या शेजाऱ्याला शास्त्राचा आधार मिळतो. ‘बायबल’मधील ईयोबाच्या आख्यानात त्याचे मित्र नेमके हेच करतात: तू पाप केले असलेच पाहिजे, त्याशिवाय हे ओढवले नसते, असा त्यांचा धोशा असतो. आख्यानाच्या शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. आपले गाऱ्हाणे मोकळेपणी मांडणाऱ्या ईयोबाला प्रथम तो खडसावतो खरा, पण आपल्याविषयी योग्य बोलला तो हाच, अशी ग्वाहीही देतो.

मराठी संतपरंपरेने या कोड्याला शास्त्रीय उत्तर देण्याचा फारसा खटाटोप केला नाही. नामदेव, जनाबाई, चोखामेळा यांनी विठ्ठलाशी भांडण मांडले, रुसवा धरला, चोखोबांनी तर आपल्या हीन मानलेल्या जन्माचा हिशेबच त्याच्यापुढे ठेवला. तुकारामांचे उदाहरण अधिक खोलात जाऊन पाहण्याजोगे आहे. १६३० च्या सुमारास दख्खनेत पडलेल्या महादुष्काळात देहूच्या या महाजनाचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी आणि मुलगा दगावले. पावसाने दगा दिला हे खरेच, पण त्याच वर्षांत शाहजहानच्या फौजा दक्षिणेत उतरल्या होत्या आणि आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त केले होते. आभाळातून कोसळते ते अस्मानी आणि राजसत्तेकडून येते ते सुलतानी, असा भेद त्या काळी रूढ होता, आणि त्या दुष्काळात दोन्ही एकमेकांत मिसळले होते. आपले दिवाळे शेवटी आपल्या हिताचेच ठरले, असे तुकारामांनी पुढे म्हटले आहे. परंतु ते स्वतःच्या दुःखाविषयी आणि देवाला उद्देशून म्हटलेले आहे, उपाशी कुळांना केलेला तो उपदेश नव्हे. उलट परंपरा सांगते ती गोष्ट वेगळीच आहे: वाट्याला आलेली कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवून ऋणकोंना मोकळे केले. श्रद्धेने दुःखाला अर्थ दिला तो स्वतःपुरता. इतरांच्या दुःखावर तिने उतारा शोधला तो सावकारी सोडण्याचा. हा फरक वारकरी संप्रदायाच्या अभ्यासकांनी जितका ठळक करायला हवा होता तितका केलेला दिसत नाही.

मुळशीत विसाव्या शतकात आलेले संकट तर निखळ सुलतानीच होते, जरी ते पाण्याच्या रूपाने आले. मुंबईच्या गिरण्यांना व रेल्वेला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचे काम हाती घेतले, आणि खोऱ्यातील पन्नासच्या आसपास गावांची जमीन पाण्याखाली जाणार हे उघड झाले. सरकारने भूसंपादनाचा १८९४ चा कायदा कंपनीच्या दिमतीला दिला. पुष्कळ जमिनी आधीच पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या, आणि त्या सावकारांपैकी अनेकांना नुकसानभरपाईच पुरेशी वाटली. मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला तो १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे बिरूद मिळाले ते याच लढ्यात, आणि ‘जान किंवा जमीन’ ही घोषणाही तेथलीच.

प्रारंभासाठी रामजन्माचा दिवस निवडणाऱ्यांनी देवाने धरण अडवावे म्हणून हात जोडून वाट पाहिली नाही, आणि धरण ही देवाची इच्छा आहे असेही मानले नाही. ते धरणाच्या कामावर जाऊन बसले. येथे श्रद्धेची कसोटी पूर्वीपेक्षा कठीण होती, कारण बुडणार होते त्यात शेत आणि घर यांच्याबरोबर गावचे ठाणेही होते. कुलदेवतेला दुरून नारळ पाठवता येतो. ग्रामदैवत मात्र शिवेला बांधलेले, त्याची देवराई, म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान, जेथील वाळकी काटकीही घरी न्यायची नाही असा दंडक, हे सारे जागेशी जखडलेले असते. धरणाखाली गाव उठले की लोक तांदळा उचलून नव्या वस्तीत नेतात, नवे देऊळ बांधतात. देवराई मात्र उचलून नेता येत नाही. देवच विस्थापित झाला असताना त्याच्यावर विसंबायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर त्या लोकांनी प्रमेय मांडून दिलेले नाही. त्यांनी देवाला आपल्याबरोबर उठवले, हेच त्यांचे उत्तर. रक्षणकर्ता म्हणून देव तेथे अपयशी ठरला असे कोणी म्हणू शकेल, आणि ते नाकारण्याची गरज नाही. पण आपल्या नुकसानीत जो वाटेकरी झाला त्याला टाकून देण्याचे कारण लोकांना दिसले नाही.

यावरून एक निष्कर्ष काढता येतो. ओढवलेल्या प्रत्येक गोष्टीवर ईश्वरेच्छेचा शिक्का मारणे म्हणजे श्रद्धा राखणे नव्हे. तसे केल्याने अस्मानी आणि सुलतानी यांतला भेद पुसला जातो आणि ज्याने जमीन घेतली त्याचे नाव देवाच्या नावामागे दडते. कर्मसिद्धान्ताचा उपयोग कोणी स्वतःच्या मनाचे समाधान करण्यासाठी करत असेल तर त्याला आडवे जाण्याचे कारण नाही. तो दुसऱ्याला लावायचा नसतो, इतकेच.

सत्याग्रह यशस्वी झाला नाही. बापटांनी १९२४ च्या अखेरीस रेल्वेगाडी अडवली आणि त्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण पुरे झाले, आणि ताम्हिणीखाली कोकणात भिरा येथील वीजकेंद्र १९२७ साली सुरू झाले. त्या खोऱ्यातील लोकांना प्रारब्धाचा उपदेश करण्याचा अधिकार, त्या पाण्याच्या विजेवर ज्यांचे दिवे लागले त्यांना तरी खचित नव्हता.