शोमरोनी कोणी व्हायचे?

लहान मुलांना बायबलमधील कथा कृतीतून शिकवावी, हे आता आपल्या धर्मग्रामांतून बहुतेकांना मान्य झाले आहे. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात रंगीत कागद, डिंक, कात्री आणि जुन्या साड्यांचे पडदे येतात; मुले नटतात, गातात, धावतात. याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो अध्यापनशास्त्रापेक्षा नीतीचा अधिक आहे. खेळ रंगला, मुले आनंदली, पालकांनी टाळ्या वाजवल्या. पण मुलांच्या मनात उतरलेली गोष्ट प्रभू येशूने सांगितलेलीच होती काय?

खेळामुळे पवित्र कथेचे पावित्र्य उणावते, असे काही ज्येष्ठांना वाटते. पवित्र शास्त्राची साक्ष मात्र वेगळी आहे. वल्हांडणाच्या रात्री बेखमीर भाकर आणि कडू भाजी आधी ताटात येते. मुले तिचा अर्थ विचारतील तेव्हा काय सांगावे, हे निर्गमच्या बाराव्या अध्यायात वडीलधाऱ्यांना सांगून ठेवले आहे. यहोशवाच्या चौथ्या अध्यायात यार्देनच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणले जातात, ते पुढच्या पिढीच्या मुलांनी त्यांविषयी विचारावे म्हणून. आसिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो येथे गव्हाणी, बैल आणि गाढव आणून ख्रिस्तजन्माचा प्रसंग लोकांच्या डोळ्यांपुढे उभा केला. आपल्या अंगणातला नाताळचा गोठा त्याच परंपरेतला. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ साली छापून निघालेल्या ख्रिस्तपुराणातही श्रोते शंका विचारतात आणि पाद्री गुरू त्यांचे निरसन करतात. आधी हाताला काम, मग ओठावर प्रश्न आणि त्यानंतर कथा, ही रीत आपल्या परंपरेला मुळीच परकी नाही.

धोका खेळात नाही. तो खेळाच्या मांडणीत आहे. प्रत्येक कृती स्वतःचा असा एक धडा शिकवीत असते. कथा करुणेची आणि खेळ चढाओढीचा असेल, तर मूल चढाओढच शिकते. कारण त्याच्या अंगात जे भिनते ते त्याने केलेले असते; ऐकलेले मागे पडते.

लूकच्या दहाव्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याची कथा घेऊ. तिचा खेळ बहुधा असा बसवला जातो: वर्गातले सर्वांत हुशार, गोंडस मूल शोमरोनी होते. दांडगट मुले लुटारू होतात. याजक आणि लेवी यांना इतके दुष्ट रंगवतात की प्रेक्षक त्यांना हसतात. अबोल मुलाच्या वाट्याला गाढव येते. शेवटी बाई विचारतात, "आपण कोणासारखे व्हायचे?" सगळे एका सुरात ओरडतात, "शोमरोन्यासारखे!" मग खाऊ वाटला जातो.

या मांडणीत मूळ कथेचा कणाच मोडतो. येशूच्या श्रोत्यांना शोमरोनी आवडता नव्हता. यहुदी आणि शोमरोनी यांचे वैर पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात योहान हिर्कान या यहुदी राज्यकर्त्याने गरिज्जीम डोंगरावरचे शोमरोन्यांचे मंदिर पाडले होते. लूकच्याच नवव्या अध्यायात एका शोमरोनी गावाने येशूला आश्रय नाकारला, तेव्हा त्या गावावर आकाशातून अग्नी पाडावा असे शिष्यांना वाटले होते. आणि कथा ऐकल्यावर तिघांपैकी शेजारी कोण ठरला, या प्रश्नाला उत्तर देताना शास्त्री 'शोमरोनी' हा शब्द उच्चारीतच नाही. ज्याने दया केली तो, एवढेच म्हणतो. गोंडस मुलाला शोमरोनी केले, की ज्याच्याकडून आपण चांगुलपणाची अपेक्षाच करीत नाही त्याच्या हातून आलेली दया, हे कथेचे मर्म हरवते.

पाच-सहा वर्षांच्या मुलांना हे वैर समजावून सांगणे अवघड आहे, हे खरे. पण समजावून सांगण्याची गरजही नाही; भूमिका फिरत्या ठेवल्या तरी पुष्कळ होते. प्रत्येक मुलाने एकदा चटईवर डोळे मिटून पडावे. पावले जवळ येतात, क्षणभर थांबतात आणि दूर जातात. पुन्हा येतात, पुन्हा दूर जातात. तिसऱ्या वेळी कोणीतरी हाताला पट्टी बांधते. यरुशलेमहून यरीहोकडे सुमारे २७ किलोमीटरच्या उताराच्या वाटेवर पडलेल्या त्या माणसाचे नाव, गाव वा कूळ येशू सांगत नाही. त्या जागी कोणीही असू शकतो. जे मूल एकदा तिथे पडले, त्याला दूर जाणाऱ्या पावलांचा अर्थ शब्दांवाचून कळतो. याजकाची भूमिका केलेल्या मुलालाही कळावे, की पुढे निघून जाण्यासाठी राक्षस व्हावे लागत नाही. नुसती घाई असली तरी पुरते.

यानंतर शिक्षकाने काय करावे? माझ्या मते, थोडा वेळ गप्प राहावे. रोममध्ये १९५४ साली सोफिया काव्हालेत्ती आणि जान्ना गोब्बी यांनी मारिया माँटेसरी यांच्या विचारांच्या आधारे लहान मुलांच्या धर्मशिक्षणाचे काम सुरू केले. त्यांच्या पद्धतीत उत्तम मेंढपाळाचा दाखला सांगून झाला, की लाकडी मेंढरे आणि मेंढवाडा मुलांच्या हाती दिला जातो. 'ते मेंढरू म्हणजे तू' असे त्यांना सांगितले जात नाही. तो शोध मुलानेच घ्यायचा असतो. यामागे मुलाच्या आत्म्याविषयीचा आदर आहे. आपण तात्पर्य घाईने सांगतो ते अनेकदा मुलासाठी नसते. शांतता आपल्यालाच सहन होत नाही, म्हणून असते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मुलांना मोकळे सोडले तर ती भलतेच काही शिकतील. एखादे मूल विचारील, लुटारू मारत होते तेव्हाच शोमरोनी आला असता तर त्याने काय केले असते? दुसरे विचारील, अनोळखी माणसाशी बोलू नकोस असे आई सांगते, मग वाटेवरच्या अनोळखी माणसाजवळ जायचे की नाही? हे प्रश्न भलते नाहीत. पहिल्या प्रश्नाशी नीतिशास्त्र आजही झगडते आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र आपण मुलांना स्पष्ट दिलेच पाहिजे, कारण त्यात त्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. ते उत्तर कथेतच सापडते. शोमरोन्याने सारे काही एकट्याने केले नाही. त्याने जखमा बांधल्या आणि पुढे उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दीनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, देऊन त्याच्यावर काळजी सोपवली. तेव्हा मुलाला सांगावे: तू एकट्याने जवळ जाऊ नकोस, पण पाहिलेच नाही असेही करू नकोस. धावत जा आणि मोठ्यांना बोलाव. मदतीसाठी हाक मारणे हीसुद्धा दयाच आहे.

मात्र एवढे सांगितल्यावर जबाबदारी आपल्याकडे येते. मुलाने हाक मारली आणि आपण आलो नाही तर? अपघातात सापडलेल्याला हात लावला तर पोलीस आणि कोर्ट मागे लागेल, ही आपली नेहमीची सबब. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशा मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. त्या कलमाने सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले असून त्याला 'गुड समॅरिटन' असेच म्हटले आहे. कायद्याने ती सबब पुष्कळशी काढून घेतली. उरली ती आपली घाई.

मुले वर्गात अर्धा तास शोमरोनी होतात. उरलेला आठवडा ती आपल्याला पाहत असतात: दारी आलेल्या परप्रांतीय मजुराशी आपण कसे बोलतो, शेजारच्या वेगळ्या धर्माच्या कुटुंबाविषयी जेवताना काय म्हणतो, रस्त्यावर गर्दी दिसली की गाडी हळू करतो की काचा वर घेतो. आपल्या घरात शोमरोनी कोण, हे त्यांना या निरीक्षणातूनच कळते. वर्गातल्या खेळाला अर्थ येतो तो इथे. म्हणून धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर मुलाला "आज काय शिकलास?" एवढेच विचारून थांबू नये. "तू चटईवर पडला होतास तेव्हा तुला काय ऐकू आले?" असे विचारावे, आणि त्याचे उत्तर स्वतःला लागू करून पाहण्याची तयारी ठेवावी.