रकान्यात न मावलेली आवड

एका विद्यापीठाच्या संगीत विभागात दर महिन्याला भित्तिपत्रक लागत असे. त्यातलं ‘ओळख’ हे सदर एका विद्यार्थिनीकडे आलं. विभागात काम करणाऱ्या एकेकाची माहिती त्यात द्यायची होती. तिने प्रश्नावलीच तयार केली: मूळ गाव, शिक्षण, आवडता पदार्थ, आवडतं गाणं, आवडता गायक. प्राध्यापकांनी रकाने भराभर भरून दिले. राहिले चाचा. वाद्यांच्या खोलीच्या किल्ल्या त्यांच्याकडे असत आणि तानपुऱ्यांची देखभालही तेच करत.

चाचांचा कागद आला. गाव: मिरज. शिक्षण: सातवी. आवडता पदार्थ: काहीही चालतं. गाणं आणि गायक यांच्यापुढे नुसत्या रेघा.

“चाचा, एवढ्यावर काय लिहू? एखादं तरी गाणं सांगा ना.”

“उगाच एक नाव सांगितलं तर ते खोटं होईल, बाळ. दुपारी ये. तानपुऱ्याच्या तारा बदलायच्या आहेत.”

दुपारी ती वाद्यांच्या खोलीत जाऊन बसली. चाचांनी नवी तार घोडीवरून नेऊन खुंटीला गुंडाळली आणि सुरात आणली. “छेड,” ते म्हणाले. तिने तार छेडली. आवाज आला, पण लगेच विझला. मग चाचांनी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवला आणि तो बोटाने केसभर पुढे, केसभर मागे करत राहिले. “छेडत राहा. थांबू नको.” एका जागी दोरा पोहोचला आणि तीच तार खोलीभर घुमू लागली.

“लागली जवारी,” चाचा म्हणाले आणि आपणहून बोलू लागले.

त्यांचं घर मिरजेच्या सतारमेकर गल्लीतलं. पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्यं घडवायला घेतली आणि पुढे गल्लीच्या गल्ली त्या कामाला लागली. पंढरपूरकडून भोपळे यायचे. ते भिजवून आतून खरवडायचं काम पोरांकडे. “दिवसभर खरवडून घरी गेलं की आई जे वाढेल ते गोड लागायचं. म्हणून लिहिलं, काहीही चालतं.”

मिरासाहेबांच्या उरुसात, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या बैठकींना मोठमोठे गवई येत. “लोक गाणं ऐकायला यायचे. मी आधीच जाऊन बसायचो, तानपुरे लावत असतील तेव्हा. डोळे मिटून ऐकायचं आणि आमच्या अब्बांच्या हातचा तानपुरा कोणता, ते ओळखायचं. खर्ज भरून आला की मला दुसरं काही नको असायचं. आता हे तुझ्या कागदावर कुठं लिहू?”

विद्यार्थिनीने कागदाकडे पाहिलं. चाचांची आवड तिथे मावणारी नव्हती. सूर लागण्याआधीच्या त्या काही मिनिटांसाठी तिने रकानाच ठेवला नव्हता. आणि ‘काहीही चालतं’ या दोन शब्दांमागे एका मुलाची भूक आणि त्याच्या आईचा हात होता, हे कागद वाचून कुणाला कळलं असतं?

त्या महिन्याचं सदर तिने चाचांच्या शब्दांतच लिहिलं. पुढच्या महिन्यापासून प्रश्नावली बंद केली. ज्यांची ओळख लिहायची त्यांना ती एवढंच विचारू लागली, “तुम्ही काम करत असताना मी थोडा वेळ शेजारी बसू का?” तबल्याच्या साथीला बसणाऱ्या सरांनी शाई कशी पारखायची ते दाखवता दाखवता आपल्या गुरूंविषयी सांगितलं. कचेरीतल्या बाईंनी जुन्या प्रवेशनोंदी काढल्या आणि त्याच विभागात शिकलेल्या आपल्या धाकट्या बहिणीचं नाव दाखवलं.

तात्पर्य: ठरावीक प्रश्नांना ठरावीक उत्तरं मिळतात, त्यांतून माणसाची माहिती कळते. माणूस कळायला त्याच्या कामाशेजारी बसावं लागतं, आणि काय सांगायचं ते त्याला ठरवू द्यावं लागतं.