राखावं, पण बांधू नये

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दत्तप्रभूंच्या तसबिरीला आपण रोज हात जोडतो. मागे गाय उभी असते, पायाशी चार श्वान असतात. गाय म्हणजे पृथ्वी आणि श्वान म्हणजे चार वेद, हा अर्थ आपण लहानपणापासून ऐकत आलो. तो आहेच. पण त्यासोबत आणखी एक साधी गोष्ट बघावी. त्या गाईला दावं नाही आणि त्या श्वानांना साखळी नाही. ती सगळी आपल्या मर्जीने तिथे आहेत.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाला एक अवधूत भेटतो आणि आपले चोवीस गुरू सांगतो. तो अवधूत म्हणजे आपले दत्तात्रेयच, अशी आपली परंपरा. त्या चोवीसांमध्ये कपोत, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा, टिटवी, सर्प, कोळी असे कितीतरी जीव आहेत. यातले बरेचसे गुरू झाले ते अडकले म्हणून! हत्ती स्पर्शाच्या मोहाने खड्ड्यात पडला, हरीण गाण्याला भुललं, मासा गळाला लागला, पिल्लांच्या मायेपोटी कपोताने आपण होऊन जाळ्यात उडी घेतली. अवधूताने हे सगळं पाहिलं, बोध घेतला आणि तो पुढे चालू लागला. त्याने एकही प्राणी पाळला नाही.

ही कथा मी पोथीत कितीतरी वेळा वाचली होती. तिचा एक अर्थ मला समजला तो माणिकडोहला.

आमच्या भजनी मंडळाची ओझर-लेण्याद्रीची सहल निघाली होती. सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव करत जुन्नर गाठलं. जुन्नरजवळच माणिकडोह धरण आहे आणि तिथे वनखात्याचं बिबट्या निवारा केंद्र आहे. ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ही संस्था वनखात्यासोबत तिथलं काम बघते. आपल्या लहानपणी गल्लीत दरवेशी अस्वल घेऊन यायचा, आठवतं ना? त्या अस्वलांच्या नाकातली वेसण काढून त्यांना आश्रय देणारी हीच संस्था. आमच्यातल्या एकांचे मेहुणे वनखात्यात होते, त्यांनी रीतसर परवानगी काढून दिली होती. हे काही प्राणिसंग्रहालय नव्हे, हे आम्हाला दारातच बजावलं. बोलायचं नाही, फोटो नाही, पिंजऱ्याजवळ जायचं नाही.

आत काय पाहिलं? एक बिबट्या तीन पायांवर चालत होता. सापळ्यात सापडून त्याचा पंजा गेलेला. एक म्हातारी मादी उन्हात पडून होती, तिचे सुळे झिजलेले. असे जे पुन्हा रानात जगू शकणार नाहीत, त्यांना जन्मभर तिथेच सांभाळतात. वेळेवर मांस, पाणी, औषध, स्वच्छता, सगळं चोख. पण कुणी ‘ये बाळा’ म्हणत नाही, कुणी पाठीवरून हात फिरवत नाही. आमच्यातल्या एका वहिनींनी विचारलंच, “अहो, इतकी वर्षं खाऊ घालता, तर जरा माया नको का करायला?”

तिथला माणूस म्हणाला, “माया आहे म्हणूनच हात लावत नाही, आजी. जे बरं होऊन परत जाणार, त्याला माणसाची सवय लागली की त्याचं रान संपलं.”

मी सदतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच रोखपालाच्या खिडकीत. दिवसभरात लाखो रुपये हातातून जायचे. नोट फाटकी असली तरी जपून ठेवायची, संध्याकाळी पै न पै जुळवायची आणि तिजोरी बंद करून रिकाम्या हाताने घरी जायचं. एकही नोट आपली नाही, पण प्रत्येक नोटेचा जाब आपल्याला. त्या माणसाचं बोलणं ऐकलं आणि वाटलं, हे तर रोखपालाचंच व्रत आहे. आपल्या घरातली मुलं-नातवंडंसुद्धा अशीच प्रभूची ठेव आहेत. जपायचं, पण मालकी सांगायची नाही.

आता ऐन दत्तजयंतीचे दिवस म्हणजे ऊसतोडीचे दिवस. निफाड, दिंडोरी, सिन्नरकडच्या मंडळींना हे सांगायला नको. ऊस वर्षभर आणि त्याहूनही जास्त शेतात उभा असतो. दाट आडोसा, जवळ पाणी, वस्तीवर कुत्री आणि डुकरं. बिबट्याची मादी तिथेच विते. तिला तेच रान. मग तोड सुरू झाली की फडात मांजराएवढी पिल्लं सापडतात. लोक ती उचलतात, मोबाईलवर फोटो काढतात, गर्दी जमते.

अशा वेळी काय करतात, ते आम्हाला तिथे सांगितलं. डॉक्टर पिल्लू तपासतात, अंगावरच्या गोचिड्या काढतात. मग जिथे सापडलं त्याच जागी, दिवस मावळायच्या सुमाराला, एका खोक्यात ते ठेवतात. कॅमेरा लावतात आणि सगळे जण लांब जातात. एवढंच. अंधार पडला की आई येते. वास घेते, खोकं पाडते, पिल्लाची मानगूट दातांत धरते आणि निघून जाते. जे दात आपल्या काळजाचा थरकाप उडवतात, त्याच दातांचा ओरखडासुद्धा पिल्लाला लागत नाही! अशा कितीतरी मायलेकरांच्या भेटी जुन्नर भागात आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातही घडवून आणल्या गेल्या आहेत.

त्यात माणसाचं काम किती, तर योग्य जागी ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. पिल्लू घरी नेऊन बाटलीने दूध पाजणाऱ्याला वाटतं की आपण जीव वाचवला. पण आई त्या रात्री मोकळ्या फडात हिंडत राहते आणि पिल्लू जन्माचं पिंजऱ्यात जातं. कपोताच्या जाळ्याचा अर्थ मला इथे लागला. माया विणता विणता जाळं कधी होते, ते विणणाऱ्याला कळत नाही.

“मग सगळे धरून लांब जंगलात का नाही सोडत?” हा प्रश्न आपण सगळेच विचारतो. जुन्नरला 2001 नंतर तसंही करून पाहिलं. पकडलेले बिबटे दूर नेऊन सोडले, तर जिथे सोडले तिथे माणसांवर हल्ले सुरू झाले. विद्या अत्रेय यांनी हा अभ्यास मांडला आहे. घर हरवलेला जीव बावरतो, बिथरतो. 2009 मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक बिबट्या बाहेर काढून, गळ्यात यंत्र बांधून माळशेज घाटात सोडला. त्याचं नाव ठेवलं ‘आजोबा’. तो महामार्ग, रूळ ओलांडत महिन्याभरात जवळपास सव्वाशे किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी उद्यानात पोहोचला. वाटेत कुणाच्या केसाला धक्का लावला नाही. 2011 मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो गेला. त्याच्यावर पुढे मराठी चित्रपटही निघाला.

परतीच्या वाटेवर गाडीत मात्र एक जण बराच वेळ गप्प होते. त्यांचं मूळ गाव निफाड तालुक्यातलं. शेवटी म्हणाले, “तुमचं सगळं पटलं. पण ज्या माउलीचं लेकरू अंगणातून उचलून नेलं, तिला हे प्रवचन सांगाल का?”

भक्तहो, नाही सांगणार. तिच्यापुढे नुसतं बसावं आणि तिचं रडू ऐकावं. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहून बिबट्यावर दया करायला काहीच लागत नाही. त्या दयेची किंमत मळ्यातली माणसं मोजतात. म्हणून ज्याला दया करायची आहे, त्याने त्या किमतीत आपला वाटा उचलावा. शेतीला रात्रीची वीज मिळते म्हणून शेतकरी काळोखात पाणी द्यायला जातो. दिवसा वीज मिळावी, ही त्याची मागणी आपलीही मागणी झाली पाहिजे. मळ्यातल्या वस्तीवर दिवा, घराजवळ शौचालय, गुरांना बंदिस्त गोठा, यासाठी मंडळाच्या दानपेटीतून काही देता आलं तर तो अन्नदानाइतकाच मोठा धर्म आहे. जो बिबट्या माणसावरच उठला आहे, त्याला पकडावंच लागतं, तो निर्णय वनखात्याचा. दया म्हणजे भाबडेपणा नव्हे.

आणि शहरातल्यांनी? उत्सवाच्या महाप्रसादाचं उष्टं उघड्यावर टाकू नये. त्याच्यामागे डुकरं-कुत्री आणि त्यांच्यामागे बिबट्या, ही साखळी आपणच घालतो. बिबट्या दिसल्याची वार्ता आली तर बघायला धावू नये. चहूबाजूंनी कोंडलेला प्राणीच अंगावर येतो. वनखात्याला 1926 या क्रमांकावर कळवावं, लेकरांना घरात घ्यावं आणि त्याला जायला वाट ठेवावी.

श्वान दत्तांचे आणि श्वानाला खाणारा बिबट्याही दत्तांचाच. हे कोडं आपल्या बुद्धीने सुटायचं नाही, आणि ते सोडवायला आपल्याला कुणी सांगितलेलंही नाही. आपल्याला एवढंच सांगितलं आहे की, समोर आलेल्या जीवाचं जे ज्याचं आहे ते त्याला द्यावं. भुकेल्याला घास, जखमीला औषध, दुःखी माउलीला सोबत आणि रानातल्या जीवाला त्याचं अंतर.

या दत्तजयंतीला पाळणा म्हणताना फडातल्या त्या खोक्याची आठवण ठेवू या. उचलून घ्यायला पुढे झालेला हात क्षणभर आवरावा आणि आईला यायला वाट द्यावी, एवढी बुद्धी महाराजांनी आपल्याला द्यावी, हीच चरणी प्रार्थना.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥