फोकस कुणाला परवडतो?

नव्या स्टार्टअपला सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. ‘एकाच गोष्टीवर फोकस ठेवा’ आणि ‘पण तुमचं मार्केट केवढं?’ ही दोन्ही वाक्यं पुष्कळदा एकाच गुंतवणूकदाराकडून, एकाच बैठकीत ऐकायला मिळतात.

हा पेच जुना आहे. १७७६ साली ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये ॲडम स्मिथने लिहिलं की श्रमविभागणी कुठवर जाईल ते बाजाराच्या विस्तारावर ठरतं. स्कॉटलंडच्या डोंगराळ, विरळ वस्तीत शेतकऱ्यालाच घरचा खाटीक, पाववाला, बिअर गाळणारा असं सगळं व्हावं लागतं. निव्वळ हमालीवर पोट भरायचं तर मोठं शहर हवं. एकच काम धरून बसणं ही त्याच्या लेखी चिकाटीची बाब नव्हती. बाकीची कामं करणारे आजूबाजूला कोणी आहेत का, एवढाच सवाल होता.

लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे पाहिलं की हे पटतं. बेळगावात सायकलीचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासेल अशी शेतकऱ्यांना धास्ती, त्यामुळे पहिले नांगर खपता खपेनात. १९१० मध्ये औंधच्या संस्थानिकांच्या मदतीने कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर कारखाना आला. साहजिकच कामगारांची घरं, पाणी, शाळा हेही कारखान्याच्याच अंगावर पडलं. १९२० मध्ये निघालेलं ‘किर्लोस्कर खबर’ मुळात कारखान्याचंच पत्र. पुढे त्यातून मराठीतलं एक नावाजलेलं मासिक उभं राहिलं. आज कोणी पिचमध्ये नांगर, वसाहत आणि मासिक अशी यादी मांडली, तर ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ म्हणून त्याची बोळवण होईल.

व्यवस्थापनावरची गाजलेली पुस्तकं मात्र बहुतेक अमेरिकेत लिहिली गेली, आणि बाकीची कामं करणारा भोवताल तिथे गृहीतच होता. १९६० मध्ये थिओडोर लेविटने रेल्वे कंपन्यांना टोमणा मारला: आपला धंदा वाहतुकीचा आहे हे विसरून त्या रुळांना चिकटून राहिल्या. त्याच दशकात एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले धंदे एका छत्राखाली जमवणारे समूह तिथे फोफावले. १९९१ मध्ये जेफ्री मूरने ‘क्रॉसिंग द कॅझम’मध्ये दुसरं टोक मांडलं. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं तसं आधी एकाच छोट्या गिऱ्हाईकवर्गात पाय रोवा, मग पुढे सरका. स्टार्टअपवाल्यांच्या तोंडचा फोकस बराचसा इथला.

१९९७ मध्ये तरुण खन्ना आणि कृष्णा पालेपू यांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त याला छेद दिला. भारतासारख्या देशात भांडवल, तयार माणसं, करार पाळायला लावणारी यंत्रणा, सगळंच कच्चं. तिथे ही उणीव आपल्या घरातच भरून काढणारा उद्योगसमूह फायद्यात राहतो. मला ही मांडणी नवी कमी आणि स्मिथची जास्त वाटते.

दोन पुस्तकविक्रेते शेजारी ठेवून पाहा. १९९५ मध्ये ॲमेझॉनने सिॲटलमधून पुस्तकं विकायला घेतली, तेव्हा शेजारच्या ऑरेगनमध्ये घाऊक विक्रेत्याचं भलंमोठं गोदाम होतं, घरपोच पार्सल देणाऱ्या कंपन्या होत्या, लोकांच्या खिशात क्रेडिट कार्ड होतं. २००७ मध्ये बंगळुरूत फ्लिपकार्टनेही पुस्तकांपासूनच सुरुवात केली. पण इथे कार्ड थोड्यांकडे, आणि न पाहिलेल्या मालाचे पैसे आधी द्यायला मन धजेना. म्हणून २०१० मध्ये माल हातात पडल्यावर रोख घ्यायची सोय आली, पार्सलं पोचवणारी माणसंही स्वतःचीच उभी करावी लागली. पुस्तकं विकायला निघालेली कंपनी कुरिअर आणि वसुलीतही शिरली. याला फोकस सुटणं कसं म्हणायचं?

आता यूपीआय आहे, सर्व्हर भाड्याने मिळतात, कुरिअरवाले तालुक्यापर्यंत जातात. आपलं काम नेमकं ठेवणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय. अडचण उरते ती पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकांची. देशात तो वर्ग लहान, म्हणून एक माल खपेनासा झाला की दुसरा काढायचा मोह होतो. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने निराळी वाट धरली: कामाचा गाभा इथेनॉलच्या प्रकल्पांचा, गिऱ्हाईक मात्र जगभर. पण तिची सुरुवात १९८० च्या दशकातली, आणि असं मुरायला अवधी लागतो. व्हेंचर फंडाची मुदत साधारण दहा वर्षांची. तेवढ्यात पैसे फिरून यायला हवेत. पाचव्या-सहाव्या वर्षी बैठकीत ‘आणखी काय विकता येईल?’ असं निघतं, तेव्हा हे गिऱ्हाईक विचारतंय की फंडाची मुदत, हे संस्थापकाला बहुधा ठाऊक असतं.