बांगड्या कुणी भरायच्या?

नत्थू हे नाव वऱ्हाडातल्या जुन्या पिढीत सर्रास भेटतं. पाठोपाठचे मुलगे दगावले की पुढच्याचं नाक टोचायचं, नथ घालायची (म्हणून तो नत्थू), काही घरांत परकर-पोलकंही चढवायचं. काळ त्याला मुलगी समजून सोडून देईल, ही आशा. म्हणजे मुलग्याला मुलीचा साज चढवणारे आईबाप आपल्याला नवे नाहीत. आज मात्र एखाद्याने स्वतःहून बहिणीचा फ्रॉक मागितला, की घर हादरतं.

आधी मला हा निव्वळ अपरिचयाचा प्रश्न वाटे. पण अपरिचय कसला? मरीआईचा पोतराज केस वाढवून, कमरेला खणांचा घागरा बांधून दारात येतो, तेव्हा आपण त्याला पसाभर धान्य घालतो. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले आणि पुढे त्यांची साडी नेसण्याची, केशरचनेची ढब घरंदाज बायकांनी उचलली. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. नवस, देव, रंगभूमी असं कारण असलं की आपण खुशाल मान डोलावतो. आपल्याला सलतं ते ‘मला आवडतं’ एवढ्याच कारणाने नेसलेलं वस्त्र.

पण ‘आवडतं’ म्हणून पँट घालणारी मुलगी का सलत नाही? इथे बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आठवतात. वडील बापूजी हरी सत्यशोधक समाजाशी जोडलेले. मुलींना अक्षरओळखही दुर्मीळ होती त्या काळात त्यांनी लेकीला शिकवलं. १८८२ साली तिने ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषांना जाब विचारला: साहेबाचा पोशाख तुम्ही अंगावर घेतलात तेव्हा धर्म बुडाला नाही, मग सगळी बंधनं बायकांनाच का?

तेव्हापासून बायकांचा पोशाख बदलत गेला. आज भरतीच्या मैदानावर ट्रॅकपँटमध्ये धावणाऱ्या पोरीचा बाप अभिमानाने म्हणतो, “मुलगाच हाये माहा!” केरळमधल्या वळयनचिरंगरा येथील सरकारी प्राथमिक शाळेने सर्वांना एकच गणवेश दिला, तोही गुडघ्यापर्यंतची पँट. मुलींनी मुलांसारखं व्हायचं, ही समानता आपल्याला पटते. मुलग्याने मुलीकडचं काही घ्यायचं म्हटलं की ती संपते.

असं का, याचं उत्तर आपल्या मोर्चांत आहे. काम न करणाऱ्या अधिकाऱ्याला आंदोलक बांगड्यांचा आहेर करतात. घरात ज्या सौभाग्याच्या, त्याच साहेबाच्या टेबलावर अपमानाच्या! पुरुषाचं घेतलं की बढती, बाईचं घेतलं की घसरण, हा हिशेब आपल्या हाडीमाशी मुरला आहे. मुलग्याच्या ओढणीला हसणारा माणूस खरं तर बाईलाच हसत असतो.

न्यायालय आपल्यापुढे गेलं आहे. १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला दिला आणि पोशाखातून ती व्यक्त करणं हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यच मानलं. शाळेत मात्र अजून मुलांची एक रांग आणि मुलींची एक. कधी मुलगा, कधी मुलगी, कधी दोन्ही नाही असं वाटणाऱ्या जेंडर-फ्लुइड लेकराने कुठे उभं राहायचं?

अशा लेकराच्या आईची भीती खोटी नसते. तालुक्याच्या गावात बातमी लेकराच्या आधी घरी पोहोचते. म्हणून कुठे काय घालायचं, हे त्याच्याशी बोलून ठरवण्यात कमीपणा नाही. पण “लोक हसतील” म्हणणं वेगळं आणि “तुझं चुकतंय” म्हणणं वेगळं. पहिल्यात लेकराला जगाची कल्पना मिळते, दुसऱ्यात त्याला स्वतःचीच लाज वाटू लागते.

आणि नुसती परवानगीही पुरत नाही. दोरीवरची बायकोची साडी काढायला जो बाप कचरतो, त्याने मुलग्याला ओढणी घेऊ दिली तरी घरातला तो हिशेब बदलत नाही. सुरुवात त्या दोरीपासून करावी लागेल, आणि ती करायला घरात असं लेकरू जन्मावंच लागतं असं नाही.