वेलावर राहिलेला दुधी

जरा बसा. हातातलं काम बाजूला ठेवा.

सातपुड्याच्या उतारावरचं, धडगाव-मोलगीकडचं एक कुडाचं घर डोळ्यांसमोर आणा. कौलांवर दुधीचा वेल चढलाय. दिवस मावळतीला आलाय. दुधीचं फूल याच वेळी उमलतं, पांढरंशुभ्र, रात्रीच्या पतंगांसाठी. ते पुरतं उमलेपर्यंत थांबा. श्वास आपल्या चालीने चालू द्या.

कोवळे दुधी भाजीला गेले. बाजारात आपण नख रुतवून पाहतो ते हेच. (भाजीवाला चिडतो, आणि त्याचं बरोबर आहे.) एक मात्र कुणी तोडलेला नाही. त्याच्याजवळ जा.

पाऊस सरला. थंडी आली. पानं करपली, देठ वाळला, हिरवी साल पिवळट होत होत लाकडासारखी टणक झाली. आता तो उतरवा. कानाशी धरून हलवा. आत बिया खुळखुळतात. तो आवाज विरेपर्यंत ऐका.

मग तोंड कापायचं, आत पाणी भरून ठेवायचं, कुजलेला गर काढायचा, खडे घालून खळखळून धुवायचं. झाला तुंबा. पाण्याला, ताडीला, बियाणं ठेवायला. भांड्याला कडू दुधीही चालतो, पोटाला नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत, तेव्हा फोड चाखून कडू लागली तर सरळ टाकून द्या.

तुंबा मनातल्या मनात तळहातावर घ्या. वजन जवळपास नाहीच. मूळ आफ्रिकेतलं हे फळ. अमेरिकेत त्याचे दहा हजार वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत. तिथे मातीची भांडी त्यानंतर फार उशिरा आली.

आता फाल्गुन. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची होळी. अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, पायांत घुंगरू असे बुध्या आणि बावा या नावांचे नर्तक नाचायला उतरतात. त्यांच्या कमरेला वाळलेले दुधी बांधलेले असतात. ढोल वाजतो, पाय पडतो, दुधी एकमेकांवर आपटतात. कोरडा, पोकळ आवाज. तेवढाच ऐका, ढोल थोडा मागे राहू द्या.

नाचणाऱ्यांनी त्याआधीचे दिवस पालनी पाळलेली असते. जमिनीवर झोपायचं, खाटेवर बसायचं नाही, ब्रह्मचर्य पाळायचं. हाताशी असलेलं घ्यायचं नाही. मला वाटतं, कमरेचा दुधीही तसाच आलेला असतो: भाजीचा मोह झाला तरी कुणीतरी त्याला वेलावरच राहू दिलं, म्हणून.

काठीची होळी रात्रभर नाचून झाल्यावर पहाटे पेटते. अजून रात्र आहे. थोडं बसून राहा.

आणि येत्या पावसाळ्यात दारी वेल लावलात, तर त्यातला एक दुधी तोडू नका.