मूठभर धान्य

१८४५ साली मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपुरात आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. पाठीशी होतं दूरच्या स्कॉटलंडमधलं फ्री चर्च. पुढच्या शतकात इकडे साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी बायाबापड्या रोजच्या दळणातून मूठभर धान्य बाजूला काढत. मूठ लहान, पण नेमाची. म्हणून गरिबाघरची पोरं शिकली.

आपल्या रामटेकच्या शाळांतही खेड्यापाड्यांतली मुलं येतात. एखाद्याच्या वह्या, एखादीचं दप्तर आपण पदरमोड करून देऊ या. आधी आईवडिलांना, गुरुजींना विचारू या. फोटो, हारतुरे नकोत. एकदाच दिलेल्या हजारापेक्षा दर महिन्याचे शंभर मोलाचे, कारण मुलाला शेवटच्या इयत्तेपर्यंत सोबत लागते.